‘सेट’ची कहाणी : एका साध्या क्रियापदाने कोशकारांना कसे दमवले

१.
इंग्रजीत ‘सेट’ हे क्रियापद अवघ्या तीन अक्षरांचे आहे. सूर्य क्षितिजाखाली जातो तेव्हा हेच क्रियापद, ओले सिमेंट घट्ट होते तेव्हा हेच. घड्याळ लावणे, मोडलेले हाड जागेवर आणणे, अंगठीत हिरा जडवणे, जेवणाचे टेबल मांडणे, सापळा लावणे, परीक्षेची प्रश्नपत्रिका काढणे, घराला आग लावणे, कैद्याला मोकळे करणे या सर्वांना इंग्रज माणूस ‘सेट’वरच भागवतो. १९८९ साली निघालेल्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे ४३० हून अधिक अर्थ आहेत आणि ते सांगायला सुमारे ६०,००० शब्द लागले आहेत. एवढ्या शब्दांत एक कादंबरी लिहून होते.

२.
अर्थांची ही गर्दी झाली कशी, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक जवळचा आहे : जो शब्द प्रत्येकाच्या तोंडी दिवसातून अनेकदा येतो, त्याचाच लेखी पुरावा गोळा करताना कोशकारांची दमछाक का झाली? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यांचा माग काढण्यासाठी आधी या शब्दाचे कूळ पाहावे लागते.

३.
जुन्या इंग्रजीत ‘सिट्टान’ म्हणजे बसणे आणि ‘सेट्टान’ म्हणजे बसवणे. दुसरे क्रियापद पहिल्याचे प्रयोजक रूप होय. मराठीत ‘बसणे’वरून ‘बसवणे’ होते, तसेच. ‘सेट’च्या शेकडो अर्थांच्या मुळाशी ही एकच क्रिया आहे : एखादी वस्तू तिच्या जागी नेऊन अशी ठेवणे की ती तिथे स्थिर राहावी. हलत्याला स्थिर करणे हा या शब्दाचा गाभा. पुढची सगळी वळणे याच गाभ्याभोवती घेतलेली आहेत.

४.
या शब्दाचे मूळ इंग्लंडच्याही पलीकडे जाते. भाषाशास्त्रज्ञ ज्याला आद्य भारोपीय भाषा म्हणतात, तिच्यातील ‘बसणे’ या अर्थाच्या धातूपासून इंग्रजीला ‘सिट’ आणि ‘सेट’ मिळाले, लॅटिनला ‘सेदेरे’ मिळाले आणि संस्कृतला ‘सद्’ मिळाला. संस्कृतचे प्रयोजक रूप ‘सादयति’ हे ‘सेट’चे सख्खे भावंड. सदन, सदस्य, संसद, परिषद, उपनिषद, प्रसाद, विषाद हे सर्व ‘सद्’चेच वंशज. लॅटिन शाखेतून ‘सेशन’ आला. म्हणजे ‘संसदेचे सेशन’ असे म्हणणारा माणूस नकळत एकच धातू दोनदा उच्चारतो.

५.
मराठी ‘बसणे’ मात्र या कुळातले नाही. ते संस्कृत ‘उपविश्’पासून प्राकृतमार्गे आले, असे व्युत्पत्तिकार मानतात. ‘सेट’ आणि ‘बसवणे’ यांच्यात रक्ताचे नाते नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रक्ताचे नाते नसलेल्या या दोन शब्दांनी पुढे जवळजवळ सारखा प्रवास केला. त्या साम्याकडे शेवटी परत येऊ.

६.
जुन्या इंग्रजीत ‘सेट्टान’ एकटे नव्हते. संस्कृतात ‘सद्’ला प्र, वि, नि, सम् असे उपसर्ग लागून निरनिराळे अर्थ निघतात, तसेच तिथेही घडत असे. ‘गेसेट्टान’, ‘आसेट्टान’, ‘बेसेट्टान’ अशी वेगवेगळी क्रियापदे वेगवेगळी कामे वाटून घेत होती. सूर्यास्तासाठी ‘सेट्लगांग’ असा सुरेख शब्द होता. ‘सेट्ल’ म्हणजे आसन. दिवसभर चाललेला सूर्य संध्याकाळी आपल्या आसनाकडे जातो, ही त्यामागची कल्पना. आजचा इंग्रज ‘सनसेट’ म्हणतो तेव्हा त्या जुन्या आसनाची आठवणही त्याला नसते.

७.
इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. पुढची काही शतके दरबार, न्याय आणि उच्चवर्ग यांच्या भाषेत फ्रेंचचे प्राबल्य राहिले. शासन, न्याय, धर्मशास्त्र यांसाठी भारदस्त फ्रेंच शब्द आले. घरातली, शेतातली, बंदरातली कामे मात्र जुन्याच क्रियापदांकडे राहिली. याच काळात जुने उपसर्ग झिजत गेले. त्यांची जागा क्रियापदानंतर येणाऱ्या ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘इन’ यांसारख्या छोट्या शब्दांनी घेतली. पूर्वी अनेक क्रियापदांनी वाटून घेतलेला भार आता एकट्या ‘सेट’वर आला. ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, ‘सेट आउट’ म्हणजे निघणे, ‘सेट ऑफ’ म्हणजे उडवून देणे. आणि पाऊस ‘सेट इन’ झाला म्हणजे आता तो लवकर उघडणार नाही.

८.
ही सारी घडामोड होत असताना तिची नोंद कोणीही घेत नव्हते. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री यांनी इंग्रजीचा पहिला एकभाषी कोश काढला. त्यात सुमारे २,५०० शब्द होते आणि ते सर्व ‘कठीण’ शब्द होते. लॅटिन, ग्रीक, फ्रेंचमधून आलेल्या जड शब्दांचे सोपे अर्थ सांगणे हा त्या कोशाचा हेतू. जे सर्वांना येते ते कोशात कशाला, असा त्या काळचा सरळ हिशेब होता. जवळजवळ शंभर वर्षे इंग्रजी कोशांची हीच रीत राहिली. रोजचे शब्दही कोशात असावेत ही कल्पना १७०२ सालच्या एका कोशापासून रुजू लागली. तो जॉन कर्सी यांचा मानला जातो.

९.
मग आले डॉ. सॅम्युअल जॉन्सन. १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कोशात ४२,००० हून अधिक नोंदी होत्या आणि अर्थांच्या पुष्ट्यर्थ ग्रंथांतील लाखाहून अधिक अवतरणे होती. ‘टेक’ म्हणजे घेणे, या एका क्रियापदाचे त्यांनी १३४ अर्थ दिले. कोशाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली अडचण मोकळेपणाने मांडली. कठीण शब्दांनी त्यांना फारसे छळले नव्हते. छळले ते येणे, जाणे, घेणे, देणे, ठेवणे, धावणे, बसवणे यांसारख्या क्रियापदांनी. त्यांचे अर्थ इतके सैल आणि वाहते की एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. त्या यादीत ‘सेट’ होताच.

१०.
जॉन्सन यांच्यानंतर शंभर वर्षांनी, १८५७ साली, लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड चेनेविक्स ट्रेंच यांनी दोन व्याख्याने दिली. उपलब्ध इंग्रजी कोशांत काय उणे आहे, हा विषय. कोशकार हा भाषेचा न्यायाधीश नसून इतिहासकार आहे, अशी त्यांची भूमिका होती. शब्द चांगला की वाईट, हे ठरवणे त्याचे काम नाही. शब्द केव्हा जन्मला, कोणत्या अर्थाने वावरला, कधी मावळला, हे पुराव्यानिशी दाखवणे हे त्याचे काम. या भूमिकेतून ऑक्सफर्ड कोशाची योजना उभी राहिली.

११.
पुरावा गोळा करण्याची पद्धत साधी होती. स्वयंसेवक वाचकांनी ग्रंथ वाचायचे. लक्षवेधक शब्द दिसला की तो, त्याचे वाक्य, ग्रंथाचे नाव आणि साल एका चिठ्ठीवर लिहून संपादकाकडे पाठवायचे. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज यांनी त्या चिठ्ठ्यांसाठी ५४ कप्पे करून घेतले. १८६१ साली वयाच्या तिसाव्या वर्षी ते वारले. नंतर फ्रेडरिक फर्निव्हल यांच्याकडे काम आले. उत्साह अफाट, पण व्यवस्था ढिली. चिठ्ठ्या देशभरच्या उपसंपादकांच्या घरी विखुरल्या.

१२.
१८७९ साली शाळाशिक्षक जेम्स मरे यांनी संपादकपद स्वीकारले, तेव्हा त्यांच्या दारात सुमारे दोन टन कागद येऊन पडला. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, तर दुसऱ्यात एका जिवंत उंदरिणीने पिलांसह संसार थाटला होता. ‘पी-ए’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधील एका तबेल्यात सापडल्या, त्यांतल्या पुष्कळशा आग पेटवण्यात खर्ची पडल्या होत्या. मरे यांनी शाळेच्या आवारात पन्हळी पत्र्याची खोली बांधून घेतली, तिला ‘स्क्रिप्टोरियम’ असे भारदस्त नाव दिले आणि तिच्या भिंतींवर हजाराहून अधिक कप्पे लावले.

१३.
चिठ्ठ्या लावताना मरे यांच्या एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. ‘अब्यूजन’ नावाचा एक शब्द आहे. गैरवापर किंवा फसवणूक असा त्याचा अर्थ. तो केव्हाच वापरातून गेलेला. त्याच्या सुमारे ५० चिठ्ठ्या निघाल्या. त्याचाच रोजच्या वापरातला भाऊ ‘अब्यूज’. त्याच्या मात्र पाचही निघाल्या नाहीत. मरे यांनी ही तक्रार सोसायटीपुढे जाहीरपणे मांडली. मेलेल्या शब्दाला पन्नास साक्षीदार आणि जिवंत शब्दाला चार-दोन, असा हा उफराटा न्याय होता.

१४.
कारण उघड आहे. वाचणाऱ्याचा डोळा अपरिचितावर अडतो. विचित्र शब्द दिसला की तो चिठ्ठी उचलतो. ‘सेट’, ‘गो’, ‘मेक’ यांच्यावरून तो घसरत पुढे जातो, कारण ते त्याला दिसतच नाहीत. इतिहासाच्या साधनांतही हेच घडते. लढाई, राज्याभिषेक, दुष्काळ, परचक्र यांची नोंद होते. घरोघरी रोज जात्यावर दळण पडते, याची नोंद कोणी करत नाही. जे सर्वांना ठाऊक असते, ते लिहून ठेवावे असे कोणालाच वाटत नाही. आणि ठाऊक असणारी पिढी गेली की ते नाहीसे होते.

१५.
१८७९ च्या एप्रिलमध्ये मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्या जनतेला नवे आवाहन केले. दुर्मीळ शब्द टिपाच. पण साधे शब्दही, विशेषतः वाक्यावरून त्यांचा अर्थ स्पष्ट होत असेल तेव्हा, जमतील तितके टिपा, अशी त्यात सूचना होती. तरीही कसर राहिलीच. साध्या शब्दांची उदाहरणे शोधण्यात संपादक आणि साहाय्यक यांचे तासन्‌तास गेले. मरे यांची ११ मुले होती. ती वाढत गेली तशी खाऊच्या पैशांवर चिठ्ठ्या वर्णक्रमाने लावू लागली. १८८५ साली कुटुंब ऑक्सफर्डला आले. तिथल्या नव्या स्क्रिप्टोरियममुळे शेजाऱ्याची दृष्टी अडू नये म्हणून ते जमिनीत काही फूट खाली बांधावे लागले. त्या थंड, दमट खोलीत हे काम वर्षानुवर्षे चालले.

१६.
चिठ्ठ्या जमल्या तरी खरी कसोटी पुढेच असे. मरे यांनी ती सोसायटीपुढील एका भाषणात वर्णन केली आहे. एका साध्या शब्दाच्या चिठ्ठ्यांचे वीस, तीस, चाळीस गट करायचे, प्रत्येक गटाला तात्पुरती व्याख्या लावायची, मग ते सगळे टेबलावर किंवा जमिनीवर पसरून बुद्धिबळाच्या सोंगट्यांप्रमाणे तासन्‌तास इकडून तिकडे सरकवत राहायचे. अपुऱ्या पुराव्याच्या तुकड्यांतून अर्थांची अशी साखळी जुळवायची की एकातून दुसरा अर्थ निघाला, हे पटावे. इतिहासकाराच्या कामाचे इतके नेमके वर्णन इतिहासाच्या ग्रंथांतही क्वचित सापडते.

१७.
‘सेट’ची पाळी हेन्री ब्रॅडली यांच्यावर आली. शेफील्डमध्ये चाकू-कात्र्यांच्या व्यापाऱ्याकडे पत्रव्यवहार सांभाळणारा हा कारकून स्वतःच्या बळावर अनेक भाषा शिकला होता. १८८४ साली कोशाचा पहिला भाग निघाला, तेव्हा त्याने लिहिलेले परीक्षण इतके मार्मिक होते की पुढे त्यालाच कोशाच्या कामावर बोलावण्यात आले. १८८८ पासून तो मरे यांच्या जोडीने स्वतंत्र संपादक झाला. ‘एस’ या अक्षराचा आरंभीचा भाग त्याच्याकडे होता.

१८.
ब्रॅडली यांच्या हातून उतरलेली ‘सेट’ची नोंद अठरा पानांहून मोठी झाली, आणि ती पाने मोठ्या आकाराची, तीन स्तंभांची, बारीक टाइपातली. तिचे १५४ मुख्य विभाग पडले. शेवटचा विभाग ‘सेट अप’चा. त्याचे पोटभेद ए, बी, सी अशा अक्षरांनी दाखवता दाखवता वर्णमाला संपली. मग ‘एए’, ‘बीबी’ अशी जोडअक्षरे सुरू करावी लागली आणि ती ‘आरआर’पर्यंत गेली. ‘उभारणे’ एवढ्याशा अर्थाने निघालेला एक प्रयोग इथवर पसरला होता.

१९.
या अठरा पानांत कोण भेटते? खलाशी भेटतो; तो शीड ‘सेट’ करतो. छापखान्यातला जुळारी भेटतो. तो खिळे ‘सेट’ करतो. सुतार करवतीचे दाते आलटून पालटून दोन्ही बाजूंना वाकवतो, ते ‘सेट’ करणे. माळी रोप लावतो, सोनार खडा जडवतो, हाडवैद्य हाड बसवतो, शेतकरीण कोंबडी अंड्यांवर बसवते, संगीतकार कवितेला चाल लावतो, ते सारे ‘सेट’च. शिकार हुंगून जागच्या जागी दबून राहणारा कुत्रा म्हणून ‘सेटर’ ही जात. करारनाम्याखाली हात आणि मोहोर ‘सेट’ करण्याची वकिली भाषाही इथेच. राजे-सरदार आपापल्या चरित्रांत सापडतात. ज्यांनी स्वतः कधी काही लिहिले नाही, ते कारागीर एका क्रियापदाच्या नोंदीत आपापल्या हत्यारांसह उभे आहेत.

२०.
एक सावधगिरी इथेच सांगितली पाहिजे. टेनिसचा ‘सेट’, भांड्यांचा ‘सेट’, मित्रांचा ‘सेट’ हे नाम पाहिले की ते याच क्रियापदातून निघाले असावे, असे वाटते. प्रत्यक्षात समूह या अर्थाच्या नामात आणखी एका घराण्याचे रक्त आहे. लॅटिन ‘सेक्ता’ म्हणजे अनुयायांचा पंथ. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘सेत’ झाले आणि ते इंग्रजीत येऊन क्रियापदाच्या कुळात मिसळले. दोन नद्यांचे पाणी एका पात्रात आले की कोणते थेंब कुठले, हे सांगता येत नाही. सारखे दिसणारे सगळे एकाच मुळाचे असते असे नाही. वंशावळी तपासताना हा नियम शब्दांनाही लागू आहे.

२१.
आता ‘बसवणे’कडे वळू. योगायोग असा की ट्रेंच यांनी व्याख्याने दिली त्याच १८५७ साली मुंबईत जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली. पहिली १८३१ ची. तिच्याआधी, १८२९ साली, पंडितांनी सिद्ध केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ प्रसिद्ध झाला होता. १९३२ ते १९३८ या काळात य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग काढले. जुन्या ग्रंथांतील आणि कागदपत्रांतील उदाहरणांचा आधार देणारा हा कोश मराठी साध्या क्रियापदांचा अभ्यास करणाऱ्याला आजही टाळता येत नाही.

२२.
मराठीत ‘बसवणे’ कोणकोणत्या हातांतून गेले ते पाहावे. सोनार कोंदणात खडा बसवतो. सुतार चौकट बसवतो. गवंडी फरशी बसवतो. लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून बसवतो. हाडवैद्य निखळलेला सांधा बसवतो. कोंबडी अंड्यांवर बसवतात, नवरात्रात घट बसवतात, भाद्रपदात गणपती बसवतात. नाटक मंडळी नाटक बसवते, गायक चाल बसवतो, शिक्षक धाक बसवतो, सरकार कर बसवते. खडा, हाड आणि कोंबडी या तीन ठिकाणी तर इंग्रजीही नेमके ‘सेट’च वापरते. दोन भाषांची मुळे वेगळी, तरी दोन्हीकडच्या कारागिरांना एकच क्रिया दिसली : जागा नेमणे आणि तिथे स्थिर करणे.

२३.
मराठ्यांच्या इतिहासाची साधने वाचणाऱ्याला या क्रियापदाची विशेष गरज पडते. ‘अंमल बसला’, ‘ठाणे बसविले’, ‘चौकी बसविली’, ‘गादीवर बसविले’ अशी वाक्ये जुन्या लेखनात येतात. ‘ठाणे घेतले’ आणि ‘ठाणे बसविले’ या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीत जागा जिंकली जाते. दुसरीत तिथे शिबंदी राहते, अधिकारी नेमला जातो, वसूल सुरू होतो. म्हणजे सत्ता त्या जागी टिकण्याच्या बेताने उतरते. तिचे उलट रूपही भाषेनेच दिलेले आहे : ठाणे उठते, अंमल उठतो. कठीण फारसी शब्द आला की वाचक कोश उघडतो. ‘बसविले’वरून मात्र तो निर्धास्तपणे पुढे जातो. चूक होते ती बहुधा अशा निर्धास्त जागीच.

२४.
साम्य कितीही असले तरी ते सर्वत्र टिकत नाही. इंग्रजीत सूर्य ‘सेट’ होतो. मराठीत तो मावळतो किंवा बुडतो, बसत मात्र नाही. दही इंग्रजीत ‘सेट’ होते. मराठीत ते लागते. उलट मराठीत धक्का बसतो, विश्वास बसतो, घसा बसतो, पंगत बसते. तिथे ‘सेट’चा उपयोग नाही. प्रत्येक भाषेने एकाच बीजातून आपल्या मातीला मानवेल तेवढेच झाड वाढवले. म्हणून साध्या क्रियापदाचे भाषांतर शब्दाला शब्द ठेवून होत नाही. वाक्यागणिक नवा निर्णय घ्यावा लागतो. इंग्रजी-मराठी कोशकारांना जड शब्दांपेक्षा हे हलके शब्दच अधिक जड गेले असतील, तर त्यात नवल नाही.

२५.
‘सेट’ हा इंग्रजीतील सर्वांत मोठ्या नोंदीचा शब्द, अशी कीर्ती विसावे शतक संपेपर्यंत टिकली. २००० साली कोशाची नवी फेरतपासणी प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा ‘मेक’ पुढे गेला; २००७ साली ‘पुट’ आणि २०११ साली ‘रन’. ‘रन’चे ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर या संपादकाने त्या एका क्रियापदावर नऊ महिने घालवले. यंत्रे, आगगाड्या, कारखाने, संगणक हे सारे इंग्रजीत ‘रन’ होते. म्हणून स्थिरतेच्या शब्दाला गतीच्या शब्दाने मागे टाकले, असे आकर्षक स्पष्टीकरणही पुढे आले.

२६.
ते स्पष्टीकरण पूर्णतः चुकीचे नाही. यंत्रयुगाने ‘रन’ला नवी कामे दिली, हे खरे. पण साधनांची छाननी करणारा येथे एक प्रश्न विचारील : मोजणी कोणत्या क्रमाने झाली? नवी फेरतपासणी ‘एम’ या अक्षरापासून सुरू झाली होती आणि २०११ साली ‘आर’चा टप्पा पार होत होता. ‘एस’ची पाळी त्या क्रमाने अजून यायची होती. म्हणजे एकविसाव्या शतकाच्या मापाने मोजलेला ‘रन’ आणि जुन्या मापाने मोजलेला ‘सेट’ यांची ती तुलना होती. ‘मेक’, ‘पुट’, ‘रन’ हा विजेत्यांचा क्रमही वर्णमालेचाच क्रम आहे. आकडा खरा असतो. पण तो कोणी, केव्हा आणि कोणत्या फूटपट्टीने काढला, हे कळल्याशिवाय तो बोलत नाही.

२७.
मरे २६ जुलै १९१५ रोजी वारले. तेव्हा ते ‘टी’ या अक्षरावर काम करत होते. ब्रॅडली १९२३ साली गेले. कोश पूर्ण झाला १९२८ साली. दहा वर्षांत चार खंड, असा मूळ अंदाज होता; प्रत्यक्षात मरे यांनी सूत्रे घेतल्यापासून ४९ वर्षे लागली. ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ अवतरणे छापली गेली. त्यांतला प्रत्येक दाखला कोणीतरी कधीतरी थांबून एका कागदावर लिहून ठेवला म्हणून उरला. ज्यांच्यावर कोणी थांबले नाही, ते प्रयोग किती गेले, याचा हिशेब कोणत्याच कोशात नाही.

२८.
बैलगाड्या कमी झाल्या तशी धाव बसवणारी माणसेही कमी झाली; त्यांच्याबरोबर तो शब्दप्रयोगही बोलण्यातून ओसरत चालला आहे. खिळे जुळवणारा जुळारी छापखान्यातून केव्हाच उठला. त्याच वेळी ‘सेट’ मराठीत येऊन नवी कामे शिकतो आहे : खेळपट्टीवर स्थिरावलेला फलंदाज ‘सेट’ असतो, नोकरी लागून मार्गी लागलेला मुलगा ‘सेट’ होतो. हे प्रयोग आज इतके साधे वाटतात की ते टिपावेत असे कोणाच्या मनात येत नाही. ‘अब्यूज’ही एके काळी तितकाच साधा वाटला होता, म्हणून तर त्याच्या पाच चिठ्ठ्याही भरल्या नाहीत.